पदवीधर ताराबाई आणि अंगणातली शाळा

‘अंगणवाडी’ हा शब्द महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. खेड्यापाड्यांत, शहरांतल्या झोपडपट्ट्यांत, आदिवासी पाड्यांवर तो इतका रुळला आहे, की तो कोणीतरी घडविला असेल असा विचारही मनात येत नाही. सरकारी कागदपत्रांत तो येण्याच्या कितीतरी आधी ठाणे जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यात, बोर्डी या समुद्रकाठच्या गावी तो प्रत्यक्षात उतरला होता. (हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो.) तो उतरविणाऱ्या ताराबाई मोडक मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर होत्या आणि त्यांनी ती पदवी मिळविली होती १९१४ साली.

या सालाचे महत्त्व नीट ध्यानात घ्यायला हवे. मुंबई विद्यापीठाची दारे स्त्रियांना खुली होऊन तेव्हा जेमतेम तीन दशके झाली होती. महर्षी कर्व्यांचे महिला विद्यापीठ सुरू व्हायला अजून दोन वर्षांचा अवकाश होता. मुलींनी चार बुके शिकावीत की नाही, यावर घराघरांत वाद झडत होते, आणि शिकलीच तर घरसंसाराला उपयोगी पडेल इतकेच शिकावे, असे भल्याभल्यांना वाटत होते. अशा काळात बी. ए. झालेल्या तरुणीपुढे वाटा फारशा नव्हत्या; पण ज्या होत्या त्या मानाच्या होत्या. मुलींच्या हायस्कुलात शिक्षिका, मुख्याध्यापिका किंवा फार तर शिक्षण खात्यातील अधिकारी. तीन वर्षांच्या मुलांना शिकविण्यासाठी पदवी खर्ची घालावी, ही कल्पना त्या यादीत कोठेच बसत नव्हती. त्या वयाच्या मुलांना शिकवायचे काय असते, असाच तेव्हा सर्वसाधारण समज होता. तो आजही पुरता गेलेला नाही, हे बालवाडीच्या शिक्षिकेला विचारून पाहावे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाच्या वर्तुळातले. त्यामुळे मुलगी शिकावी की शिकू नये, हा प्रश्न या घरात पडला नाही. जातिभेद न मानणे, स्त्रीशिक्षण, विधवांविषयी सहानुभूती या गोष्टी इतरत्र व्याख्यानांत ऐकू येत. या घरात त्या जेवणाच्या पंगतीत होत्या. पदवीनंतर अमरावतीचे वकील कृ. वि. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वऱ्हाडातल्या त्या सुखवस्तू शहरात पदवीधर पत्नी हे अप्रूपच होते. पण हा संसार टिकला नाही. १९२१ मध्ये दोघे विभक्त झाले. पदरी लहानगी मुलगी, प्रभा. नवऱ्यापासून वेगळी झालेली स्त्री माहेरी परत येते आणि मान खाली घालून उरलेले आयुष्य काढते, ही त्या काळची रीत. ताराबाईंना ती रीत पाळावी लागली नाही, याचे एक मोठे कारण त्यांच्या हातातील पदवी हेच होते.

या पदवीच्या बळावर त्यांना राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदी नेमणूक मिळाली. काठेवाडातील हे स्त्री-शिक्षिकांचे अध्यापन विद्यालय. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. सरकारी नोकरी, मान, पगार, मुलीचे स्थैर्य असे सारे काही जुळून आले होते. नव्या स्त्रीच्या कथेचा शेवट म्हणून कोणाही चरित्रकाराला हे पुरेसे वाटले असते. ताराबाईंनी मात्र दोन वर्षांतच, १९२३ मध्ये, ते पद सोडले आणि त्या भावनगरला एका बालमंदिरात काम करायला गेल्या.

या निर्णयामागे भावनगरचे एक विलक्षण गृहस्थ होते. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कोणत्या शाळेत घालावे, या विवंचनेतून ते बालशिक्षणाकडे वळले, मारिया मॉन्टेसरी यांच्या पद्धतीचा त्यांनी अभ्यास केला आणि नानाभाई भट्ट यांनी स्थापन केलेल्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. तेथे छडी नव्हती, बक्षीस नव्हते, पहिला-दुसरा नंबर नव्हता. मुलांना गोष्टी होत्या, गाणी होती, नाटके होती, बागकाम होते आणि मॉन्टेसरी पद्धतीची साधने होती. शिक्षकाने मुलाला शिकविण्याआधी त्याच्याकडे नीट पाहावे, हा तेथील पहिला धडा. प्राचार्य झालेल्या, शिक्षिकांना शिकविणाऱ्या पदवीधर बाईला हा धडा पुन्हा पहिलीपासून गिरवावा लागला. भाषाही परकी होती. गुजरातीत मुलांशी बोलायचे, गुजरातीत लिहायचे. ताराबाईंनी ती भाषा इतकी आपलीशी केली, की गुजरातच्या बालशिक्षणाच्या इतिहासात गिजुभाईंच्या जोडीने त्यांचे नाव घेतले जाते.

या दोघांची भागीदारी मोठी फलदायी ठरली. गिजुभाई कल्पनेचे आणि गोष्टींचे धनी, मुलांत मूल होणारे. ताराबाईंची प्रकृती निराळी. त्यांचा कल विचार नीट मांडण्याकडे, संघटना बांधण्याकडे, काम टिकावे म्हणून त्याला चौकट देण्याकडे होता. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. ‘शिक्षणपत्रिका’ हे मासिक गुजरातीत निघू लागले. पुढे त्याच्या मराठी आणि हिंदी आवृत्त्याही निघाल्या. मराठीची धुरा ताराबाईंनी वाहिली. या मासिकाचा वाचक केवळ शिक्षक नव्हता. आईबापांशी ते बोलत होते. मूल हट्ट का करते, खोटे का बोलते, जेवताना का रडते, त्याला मारल्याने काय होते, या प्रश्नांवर मराठीत शास्त्रीय आधाराने आणि घरगुती भाषेत लिहिले जाण्याची ती सुरुवातच म्हणावी लागेल. ‘बालकांचा हट्ट’, ‘बिचारी बालके’, ‘बालविकास व शिस्त’ अशी त्यांच्या पुस्तकांची नावेच पुरेशी बोलकी आहेत. त्या काळच्या मराठी घरात बिचारे ठरायचे ते आईबाप. मुलाला बिचारे म्हणणे हेच धाडस होते.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. स्वतः मारिया मॉन्टेसरी भारतात आल्या त्या १९३९ च्या अखेरीस, मद्रासजवळ अड्यारला. त्यांच्या प्रशिक्षण वर्गांमुळे ही पद्धत देशभर चर्चेत आली. पण भावनगरला ती त्याआधी जवळजवळ दोन दशके, पुस्तकांतून समजून घेऊन, चुकतमाकत, आपल्या मुलांच्या अंगाने राबविली जात होती. ज्या वर्षी मॉन्टेसरीबाई आल्या, त्याच वर्षी जूनमध्ये गिजुभाईंचे निधन झाले.

ताराबाई तोपर्यंत मुंबईस परतल्या होत्या. १९३६ मध्ये दादरला त्यांनी ‘शिशुविहार’ सुरू केले. मराठी माध्यमाचे बालमंदिर आणि त्याला जोडून शिक्षिका तयार करणारे अध्यापन वर्ग, असे त्याचे स्वरूप होते. दादरच्या मध्यमवर्गीय वस्तीत त्याला प्रतिसाद उत्तम मिळाला. मुलाला न मारता शिकवितात, ही बातमी आईबापांना आधी विनोदाची आणि मग कौतुकाची वाटली. संस्था नावारूपाला आली आणि तिच्याबरोबर बाईंचेही नाव झाले. चौवेचाळीस-पंचेचाळीसच्या सुमारास ताराबाईंनी पन्नाशी ओलांडली होती. विसावा घ्यावा, समित्यांवर बसावे, भाषणे करावीत, असे ते वय. (समित्या चुकल्या नाहीतच; १९४६ ते १९५१ या काळात त्या मुंबईच्या विधिमंडळाच्या सदस्याही होत्या.)

पण एक अडचण त्यांना अस्वस्थ करीत होती. मॉन्टेसरी पद्धतीची साधने महाग होती. दट्ट्यांचे ठोकळे, गुलाबी मनोरा, रंगांच्या पेट्या, खरखरीत कागदाची अक्षरे, लहान मुलांना बसता येईल असे फर्निचर, हे सारे बाळगणारी शाळा शहरातच चालणार आणि तिची फी देणारीच मुले तेथे येणार. ज्या मुलांना या शिक्षणाची गरज सर्वांत अधिक, तीच बाहेर राहणार. बालशिक्षण ही श्रीमंतांची चैन होऊन बसते की काय, हा प्रश्न गांधीजींच्या विचारांच्या प्रभावातील त्या पिढीला टाळता येण्यासारखा नव्हता. ताराबाईंनी उत्तर शोधण्यासाठी खेडे गाठायचे ठरविले. बोर्डीला आचार्य भिसे यांच्यासारखे शिक्षणाला वाहून घेतलेले कार्यकर्ते आधीपासून होते. तेथे १९४५ च्या डिसेंबरात ग्राम बालशिक्षण केंद्राचे काम सुरू झाले.

याच वर्षी त्यांना आयुष्यातील दुसरी मोठी सहकारी भेटली. बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचे ग्रामसेविकांचे शिबिर भरले होते. तेथे पुण्याच्या हुजूरपागेत शिकविणाऱ्या अनुताई वाघ आल्या होत्या. मोरगावच्या या मुलीचे तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांत वैधव्य आले. पुढे व्हर्नाक्युलर फायनल, ट्रेनिंग कॉलेज, चांदवड तालुक्यातील खेड्यांत नोकरी, मग पुणे, असा त्यांचा प्रवास. मॅट्रिकची परीक्षा त्यांनी नोकरी सांभाळून, रात्रीच्या शाळेत शिकून दिलेली. ताराबाईंनी हाक दिली आणि अनुताई बोर्डीला आल्या. काही दिवस मदत करावी म्हणून आलेल्या अनुताईंचे सारे उर्वरित आयुष्य त्याच तालुक्यात गेले.

बोर्डीचे पहिले दिवस पदवीचा आणि अनुभवाचा कस पाहणारे होते. शाळा काढली, जागा मिळाली. मुले मात्र आली ती गावातल्या बऱ्या घरांतली. हरिजन वस्तीतील आणि आदिवासी पाड्यांवरील मुले फिरकेनात. त्यांना बोलावून आणावे, तर दुसऱ्या दिवशी गैरहजर. पोटापाण्यासाठी मायबाप पहाटेच बाहेर पडत. घर, धाकटी भावंडे, कोंबड्या, शेळ्या यांचा भार पाच-सहा वर्षांच्या मुलांवर. शाळेच्या इमारतीचेच त्यांना भय वाटे. अशा वेळी मुलांना दोष देणे, त्यांच्या आईबापांना अडाणी म्हणणे सोपे होते. ताराबाईंनी त्यापेक्षा अवघड वाट धरली. मुले शाळेत येत नसतील, तर शाळेने मुलांकडे जावे. वस्तीतल्या एखाद्या घराच्या अंगणात, झाडाच्या सावलीत शिक्षिका जाऊन बसू लागल्या. गावात एक मध्यवर्ती बालवाडी आणि वस्त्यांवर ही अंगणातली वाडी, अशी दोन रूपे आकाराला आली. दुसरीचे नाव अंगणवाडी.

साधनांचा प्रश्नही तेथेच सुटला. किनाऱ्यावर शंख-शिंपले होते. झाडांखाली बिया, पाने, फुले होती. ओढ्यात गोटे होते. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत यांची ओळख करून द्यायला इटलीच्या आराखड्यावरून सुताराने केलेले ठोकळेच हवेत, असे नाही. मॉन्टेसरीबाईंच्या पद्धतीतील शास्त्र ताराबाईंनी सोडले नाही. मुलाच्या इंद्रियांना काम द्यायचे, त्याला स्वतःच्या हाताने करू द्यायचे, घाई करायची नाही, हे सारे कायम राहिले. लाकूड तेवढे बदलले. हे करायला मूळ पद्धत पोटात पचलेली असावी लागते. वरवर शिकलेला माणूस साधनांना चिकटून राहतो. ताराबाईंच्या उच्चशिक्षणाचा खरा उपयोग कोठे झाला असेल, तर तो येथे झाला.

अक्षरओळखीच्या आधी करायच्या गोष्टी पुष्कळ होत्या. मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे, खरूज-नायट्यावर औषध लावायचे, काही खायला द्यायचे. दादरच्या शिशुविहारात ज्या गोष्टी आई घरी करून पाठवीत असे, त्या येथे शिक्षिकेच्या कामाचा भाग झाल्या. त्यातूनच आरोग्य, आहार आणि शिक्षण ही तीन कामे एका ठिकाणी बांधली गेली. पुढे तज्ज्ञांनी या जोडणीला मोठी नावे दिली. बोर्डीला ती गरजेतून, रोजच्या रोज, घडत गेली होती.

काळ आणि स्थळही साधे नव्हते. डहाणू, तलासरी, उंबरगाव हा वारल्यांचा मुलूख. सावकार आणि जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध याच भागात १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचे बंड उभे राहिले होते. ताराबाईंचा मार्ग त्या लढ्याचा नव्हता. दोन्ही कामांची जातकुळी वेगळी. पण ज्या झोपड्यांतून लाल बावटा गेला होता, त्याच झोपड्यांतली लहान मुले अंगणवाडीत येऊन बसत होती, हेही खरे.

बोर्डीपासून काही मैलांवर कोसबाडची टेकडी आहे. १९५६ च्या सुमारास काम तेथे, आदिवासींच्या अधिक जवळ हलविण्यात आले. अनुभवाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली होती. मोठी बहीण शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. आणि ते तिने घरी ठेवावे तर पाहायला कोणी नाही. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात घेण्यात आली. कडेवरचे मूल पाळण्यात, मधले बालवाडीत, मोठी वर्गात. याला त्यांनी ‘विकासवाडी’ म्हटले. जी मुले दिवसभर गुरे राखीत, त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात जात; ती कुरणशाळा. प्रत्येक प्रयोग यशस्वी झाला असे नाही. चरणारी गुरे शिक्षकाच्या वेळापत्रकाला जुमानत नाहीत आणि गुरे पांगली की विद्यार्थीही पांगतात. पण मूल जेथे असेल तेथे शाळा न्यायची, हा हेका सुटला नाही.

या साऱ्या कामात एक धागा सुरुवातीपासून अखेरपर्यंत दिसतो, तो शिक्षिकेच्या तयारीचा. राजकोटला त्या शिक्षिकाच घडवीत होत्या. भावनगरला आणि दादरला बालमंदिराबरोबर अध्यापन वर्ग होता. बोर्डी-कोसबाडलाही बालवाडीच्या शिक्षिकांचे प्रशिक्षण कामाच्या केंद्रस्थानी राहिले. लहान मुलांना कोणीही सांभाळेल, ही समजूत त्यांनी कधी मान्य केली नाही. मूल जितके लहान, तितकी त्याच्याजवळच्या बाईला अधिक समज हवी, अशी त्यांच्या कामाची धारणा होती. मात्र समज म्हणजे पदवीच, असेही त्यांनी मानले नाही. त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींत फारशी शाळा न पाहिलेल्या, गावातल्या, पाड्यांवरच्या मुलीही होत्या. स्वतः पदवीधर असूनही त्यांनी दारात पदवीची अट टांगली नाही, आणि तयारीची अटही सोडली नाही. अनुताईंचे उदाहरण त्यांच्या डोळ्यांसमोरच होते. बालवाड्यांचे काम अंगावर असताना, प्रौढ वयात, डोळ्यांचे दुखणे सोसत अनुताईंनी अभ्यास केला आणि त्या पदवीधर झाल्या. ताराबाईंची पदवी कामाच्या आधी आली, अनुताईंची कामाच्या ओघात.

हा प्रश्न जुना झालेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला. त्यापूर्वी तीन ते सहा वयाचे मूल औपचारिक शिक्षणाच्या आराखड्यात जवळजवळ नव्हतेच. बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकेला सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्या सेविकेला वर्षाची पदविका, अशी तरतूद या धोरणात आहे. दुसरीकडे देशभरातल्या जवळपास चौदा लाख अंगणवाड्यांतील सेविकांना पगार नव्हे, मानधन मिळते. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. कामाचे नाव देशाने बोर्डीच्या अंगणातून उचलले; त्या कामाची किंमत करताना मात्र हात आखडता राहिला.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण देण्यात आले. तोपर्यंत कोसबाड हे शिक्षणप्रेमींचे जाऊन पाहण्याचे ठिकाण झाले होते. उतारवयातही त्यांचे लिहिणे, पाहुण्यांशी चर्चा करणे, नव्या शिक्षिकांना मार्गदर्शन करणे सुरू होते. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षात, त्यांचे निधन झाले. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली ती त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि शाळापूर्व शिक्षण एका छताखाली देणाऱ्या तिच्या केंद्रांना नाव दिले गेले ते अंगणवाडी. हे पाहायला ताराबाई नव्हत्या.

अनुताई होत्या. त्यांनी कोसबाडचे काम पुढे आणखी एकोणीस वर्षे सांभाळले, त्यांना पद्मश्री मिळाली, आणि ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात त्यांनी त्या साऱ्या वाटचालीची हकिकत लिहून ठेवली. १९९२ च्या सप्टेंबरात त्याही गेल्या.